कबड्डी म्हणून दाखव

अब्बा, गेल्या आठवड्यात आपण कबड्डीची फायनल जिंकलो. आपण म्हणजे तुम्ही आणि मी. मैदानावर खेळली ती धाडजवळच्या एका शेतकऱ्याची आठवीतली मुलगी, पण तिच्या तोंडात आपलं काम होतं, त्यामुळे त्या विजयातला आपला वाटा मी कुणालाही न विचारता काढून घेतला आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. घरात आपण उर्दूत बोलायचो आणि कामाच्या खोलीत मराठीत, कारण गिऱ्हाईक सगळं मराठी. कामाचं जे काही मला आठवतं ते मराठीतच आठवतं, म्हणून मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचता यायचं. जरा सावकाश वाचायचात, पण आता घाई कुणाला आहे?

तुम्ही कवळ्या बनवायचात. पुढच्या खोलीत डॉक्टरसाहेब तोंडाचं माप घ्यायचे आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत तुम्ही त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचात. गुलाबी मेण, स्टोव्हची फरफर, आणि अम्मीचं एक पातेलं जे तुम्ही साचे उकळायला एकदा नेलं आणि तिनं परत घ्यायला साफ नकार दिला. कवळी तयार झाली की इतर कारागीर गिऱ्हाइकाच्या हातात आरसा देतात. तुम्ही आरसा ठेवलाच नव्हता. तुम्ही म्हणायचात, "घरी कोणाले हाक मारता? मारून दाखवा." म्हातारी माणसं आधी लाजायची. मग कुणी नातवाला हाक मारायचं, कुणी बैलाला. एका बाईला नवऱ्याचं नाव घेता येईना, तर तिनं शेजारणीच्या नावानं अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. हाक रस्त्यापर्यंत गेली तरच कवळी गिऱ्हाइकाबरोबर घरी जायची, नाहीतर परत कानसीखाली.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट तुम्ही विसरला नसाल. तुम्ही सामान आणायला अकोल्याला गेला होतात आणि एक आजोबा मोडकी कवळी रुमालात बांधून आले. नातीचं लग्न चार दिवसांवर. त्यांचा दोन वर्षांपूर्वीचा साचा फळीवर होता, मला काम येत होतं, आणि अंगात हुशारी मावत नव्हती. मी त्या साच्यावर नवी कवळी बनवून टाकली. तुम्ही परत आलात तेव्हा आजोबा कवळी घालून बाकावर बसले होते आणि "बसली, बसली" म्हणत होते. तुम्ही त्यांना हाक मारायला लावली. नातीच्या नावाचं पहिलं अक्षर बाहेर पडलं आणि पाठोपाठ कवळी त्यांच्या ओंजळीत. तुम्ही ती घेतली, दगडावर ठेवली आणि हातोडीनं फोडली. समोर सात-आठ माणसं होती. मग म्हणालात, "साचा खराच हाय, पन तो दोन सालाआधीच्या तोंडाचा हाय. मानूस आजचं तोंड घेऊन आला ना तुयापाशी? काऊन वं, घाई झाली होती का तुले?" मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. त्यातल्या दोन रात्री तुम्ही जागून आजोबांची कवळी केलीत आणि लग्नाला ते बत्तीस दात दाखवत हिंडले, हे मला नंतर कळलं.

आता मी स्वतःच डॉक्टर आहे. बुलडाण्यात पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे आणि माप, साचा, घासकाम सगळं मीच करते. ही मुलगी माझ्याकडे पहिल्यांदा आली ती दात हातात घेऊन. शाळेच्या मैदानावर पकड करताना कुणाचा तरी गुडघा लागला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. तिच्या खेळाच्या सरांनी शहाणपणा केला. चहाच्या टपरीवरून थंड दूध घेतलं, दात त्यात बुडवला आणि मिळेल त्या जीपनं तिला घेऊन आले. तो दात मी परत जागेवर बसवला आणि तो धरला. पण तिच्या वडिलांनी तिथंच, माझ्या खुर्चीशेजारी उभं राहून, निकाल देऊन टाकला. यावेळी झालं ते झालं, पुन्हा एकदा पोरीच्या तोंडातून रक्त आलं की कबड्डी बंद. मुलगी तोंडात कापूस धरून हे ऐकत होती. दात बसवताना ती रडली नव्हती, तेव्हा रडली.

म्हणून माउथगार्ड. सरांनी आधी दुकानातलं तयार आणून पाहिलं. ते ओठांनी धरून ठेवावं लागे. मग दुसरं आणलं, गरम पाण्यात मऊ करून दातांनी दाबायचं, आणि ते तिच्या आजीनं चुलीवर पाणी ठेवून मोठ्या हौसेनं बसवून दिलं. बॉक्सिंग असतं तर त्यानं भागलंही असतं. पण चढाईला जाणाऱ्या मुलीला एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहावं लागतं आणि ते पंचांना स्वच्छ ऐकू यावं लागतं, नाहीतर चढाई बाद. दुकानातलं घातलं की तिचा नुसता 'बड्डी बड्डी' व्हायचा. शेवटी मी माप घेतलं, साचा काढला, जाड रबरी शीट तापवून त्यावर ओढली, आणि टाळूकडची बाजू अशी उतरवली की जिभेला सगळी जागा मोकळी. मग खुर्चीत बसवून तिला म्हटलं, कबड्डी म्हणून दाखव. अब्बा, खाली मोबाइलच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन वर बघायला लागला.

मी तिला निगाही शिकवली. खेळ झाला की गार पाण्यानं धुवायचं, मऊ ब्रशनं घासायचं, भोकं असलेल्या डबीत ठेवायचं, उन्हात नाही, खिशात नाही, चावायचं तर मुळीच नाही. तिनं सगळं पाळलं. मी एकच चूक केली, हे सगळं फक्त तिलाच सांगितलं. फायनलच्या आदल्या दिवशी डबी अंगणात पडली, गार्ड शेणामातीत गेलं, आणि आजीनं ते उचलून सरळ उकळत्या पाण्यात टाकलं. तोंडात जाणारी वस्तू, मातीत पडलेली, म्हणून शुद्ध करून घेतली. शिवाय आधीचं तर गरम पाण्यानंच बसलं होतं. दुपारी तिघं माझ्याकडे आले, मुलगी, सर आणि आजी. गार्ड सुकलेल्या आंब्याच्या सालीसारखं वाकडं झालं होतं. मी आजीला बोलले. बाहेर पेशंट बसले होते, त्यांच्यासमोर बोलले, आणि बरंच बोलले. म्हातारी पदर तोंडाला लावून ऐकत राहिली.

दुपारचे तीन वाजले होते, शेवटची जीप साडेसहाची. तिचा जुना साचा माझ्या कपाटात होता. त्यावर शीट ओढली की अर्ध्या तासात काम फत्ते. नवं माप घ्यायचं तर प्लास्टर सुकण्यातच तास जाणार आणि बाहेरचे पेशंट उठून जाणार. मी साचा काढून मशीनखाली ठेवला आणि तेवढ्यात तुमचा आवाज आला, घाई झाली होती का तुले. मी मुलीला तोंड उघडायला सांगितलं. पाच महिन्यांत डावा सुळा पार खाली उतरला होता. साच्यात तिथं नुसतं टेंगूळ होतं. मी साचा बाजूला ठेवला आणि नव्या मापाचा लगदा कालवायला घेतला. सव्वासहाला नवं गार्ड डबीत घालून मी तिच्या हातात दिलं. या वेळी निगा आजीलाही समजावली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याला कुलूप लावून मैदानावर गेले. कामाच्या दिवशी तुम्ही कधी कुलूप लावलं नाहीत, मला माहीत आहे. शेवटची चढाई उरली तेव्हा आपण एका गुणानं मागे होतो. मुलगी आत गेली. एकीला हाताचा स्पर्श केला, दुसरीला पाय लावला, आणि परत फिरणार तोच तिसरीनं खालून मुसंडी मारली. तिचं डोकं सरळ हिच्या तोंडावर आदळलं. तो आवाज मला चौथ्या रांगेत ऐकू आला. हिचे वडील माझ्या पुढेच उभे होते, ते जागच्या जागी खाली बसले. पण कबड्डी कबड्डी चालूच होतं. मुलगी आडवी, अंगावर दोघी, आणि तिचा 'कबड्डी' खणखणीत, एकही अक्षर न गळता. हात सरकवत सरकवत तिनं मध्यरेषा गाठली. तीन गुण! पंचांनी तिला उठवून तोंड उघडायला लावलं. तिनं गार्ड काढून हातात धरलं आणि सगळ्या मैदानाला दात दाखवले. सगळेच्या सगळे. मी किती जोरात ओरडले ते सांगत नाही, माझे चार पेशंट तिथं होते.

वडील धावत मैदानात गेले. ओठाच्या कडेला थोडं खरचटलं होतं. त्यांनी तिची हनुवटी वर केली, बोटानं तो पुढचा दात हलवून पाहिला, आणि मला विचारलं, "दात हाये ना जाग्यावर?"

"आहे," मी म्हटलं. "पक्का आहे."

"मंग खेळू द्या तिले," ते म्हणाले, जसं काही मीच आजवर अडवून धरलं होतं. पुढच्या महिन्यात ती विभागीय सामन्यांना अमरावतीला चालली आहे. सरांनी उरलेल्या सगळ्या मुलींची मापं घ्यायला सांगितली आहेत आणि जानेफळच्या शाळेतूनही फोन आला होता. सगळे विचारतात, जुना साचा असताना नवं माप घ्यायचं तुम्हाला सुचलं कसं? मी ताठ मानेनं सांगते, माझ्या अब्बांनी शिकवलं. इतक्या वर्षांत तुमचं नाव मी एवढ्या वेळा, एवढ्या मोठ्यानं कधी घेतलं नव्हतं. माझी छाती फुगते, खोटं कशाला सांगू.

पण खोटं सांगितलंच आहे, वर, आणि तुम्ही हे वाचत असता तर बोट तिथंच थांबलं असतं. तुमचा आवाज आला नव्हता. मी जुन्याच साच्यावर गार्ड केलं होतं. सुळ्यापाशी थोडं घासलं, मुलीला घालायला दिलं, ती "बसलं मॅडम, मस्त बसलं" म्हणाली, कारण तिला खेळायचं होतं, आणि मी ते मानलं, कारण मला पेशंट घ्यायचे होते. म्हणून दाखव असं मी म्हटलंच नाही. साडेतीनला त्यांना वाटेला लावलं. जिन्यात मुलगी आपणहून कबड्डी कबड्डी म्हणायला लागली. ते मला आतून नीट ऐकू येत होतं. त्यात कबड्डी नव्हती, नुसती हवा होती, आणि मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. परत वर आली ती आजी. जिला मी अर्ध्या तासापूर्वी चारचौघांत झापलं होतं, ती दारात उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, तिले नीट म्हनता नाही येऊन राह्यलं. तुमी पुन्यांदा पाहता का?"

ती एवढंच म्हणाली, आणि नवं माप मी घेतलं ते त्यानंतर. हे तिनं आपल्या मुलाला, म्हणजे पोरीच्या वडिलांना, सांगितलेलं नाही, सरांना सांगितलेलं नाही, गावातही कुणाला सांगितलेलं दिसत नाही. गावात अजून ती म्हातारी गार्ड उकळणारी म्हणूनच ओळखली जाते आणि मी पोरीचा दात वाचवणारी. मी रोज म्हणते, धाडला जाऊन तिच्या घरच्यांसमोर खरं काय ते सांगावं. अर्ध्या तासाचा रस्ता आहे, अब्बा. अजून गेले नाही.