ट्रंकेत उरलेली निळी साडी

माय, मागच्या आठवड्यात तुझी ट्रंक उघडली. तू खोकल्यानं गेलीस तेव्हापासून ती माझ्या अमरावतीच्या घरात पलंगाखाली पडून आहे, आणि इतकी वर्षं मी तिला हात लावायचं टाळत आले. आता उघडावीच लागली. माझ्या लेकीला आठवा महिना लागलाय आणि बाळाच्या दुपट्यासाठी तिला आजीचं जुनं सुती लुगडं हवंय. मोबाइलवर तिनं काय काय वाचलंय. प्लास्टिकचे डोळ्याला न दिसणारे कण म्हणे पाण्यात, मिठात, हवेत, आपल्या कपड्यांच्या धुण्यात असतात. माणसाच्या रक्तात, इतकंच काय, पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या वारेतही सापडलेत. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, सापडतात खरं, पण त्यानं नेमकं काय होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. त्या उत्तरानं पोरगी आणखीच धास्तावली. "आई, बाकीचं काई माह्या हातात नाई व," ती म्हणाली, "पण त्याच्या अंगाले पयलं लागन ते कापड तरी चांगलं पायजे." रात्र रात्र झोपत नाही ती.

मला धामणगावचं जिनिंग आठवलं, कापसातून सरकी काढायचा तो कारखाना. शाळा सुटली की मी तिथंच यायचे. पत्र्याखाली तू आणि बाकीच्या बाया कापसाच्या ढिगाशी बसून कचरा वेचताय, पन्नीचे म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, खताच्या प्लास्टिक पोत्यांचे पांढरे दोरे. तुझ्या भुवयांवर कापूस बसलेला. "यातला एक दोरा रुईत गेला ना, तं सारी गठाण नासते," तू सांगतेस आणि खोकत सुटतेस. वेचलेलं सगळं संध्याकाळी भिंतीमागे पेटवून द्यायचे. काळा धूर आपल्या घरापर्यंत यायचा, आपण दार लावून घ्यायचो, बस.

नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी तुला साडी आणली. निळी, चकचकीत, बारीक फुलांची. तू चुलीपुढं भाकरी टाकत होतीस. हात पुसून साडी मांडीवर घेतलीस, पदराचा एक धागा ओढून काढलास आणि विस्तवाला लावलास. कापसाचा धागा जळून राख होतो. हा आक्रसला आणि त्याची टणक, काळी गुठळी झाली.

"हे तं पन्नी हाय, पोरी! दिवसभर मी हेच कापसातून काढून राहिली, अन् तू मलेच नेसवून राहिली?"

मी रुसले, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तू तीच साडी नेसून कामावर गेलीस, भर मे महिन्यात. नंतरही नेसत राहिलीस. "पोरीनं घेतली," असं बायांना सांगताना तुझा चेहरा फुलायचा आणि मीही खूश व्हायचे. आता मला तुझी घामोळ्यांनी लाल झालेली मान तेवढी दिसते, आणि माझाच राग येतो.

ट्रंकेत लुगडं एकही नव्हतं. असणार कसं? लुगडी फाटली की त्यांच्या वाकळी व्हायच्या, वाकळींची पोतेरी, आणि पोतेरी सारवता सारवता मातीत जायची. माझं पहिलं दुपटं तुझ्याच लुगड्याचं होतं, तेही असंच विरलं. होती ती फक्त निळी साडी. रंग जशाचा तसा, एक फूल पुसट नाही. तुझं जे जे होतं ते मातीला मिळालं, माय, आणि मी दिलेलं तेवढं उरलं. टाकू कुठं? जाळली तर तोच काळा धूर. धुतली तर तिचा चुरा नालीतून जाऊन फिरून लेकीच्याच पेल्यात येणार. घडी घालून परत ठेवली.

मग कपाटातल्या माझ्या साड्यांचे धागे गॅसवर धरून पाहिले. सगळ्यांच्या गुठळ्या झाल्या. कापसाच्या मुलखात जन्म काढला आणि घरात धड एक सुती साडी नाही.

शेवटी बाजारातून पांढरं कापड आणलं. दुकानदार प्युअर कॉटन म्हणाला. चार पाण्यांतून काढून मऊ केलं, हातानं दुपटं शिवलं आणि लेकीला सांगितलं, आजीच्या लुगड्याचं आहे, ट्रंकेत सापडलं. तिनं ते गालाला लावलं. काल रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

हे पत्र तुझ्या साडीच्या घडीत ठेवतेय, दुसरं कुठं पाठवणार. एक सांगायचं राहिलं. दुपटं शिवताना मी त्याचा एक धागा काढला होता, माय. गॅसही पेटवला होता. मग बंद केला.