‘धोकादायक’ हा शब्द

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सिव्हिलच्या विभागप्रमुखांनी आज मला बोलावून चहा पाजला, तेव्हाच संशय यायला हवा होता. एरवी माझ्या ‘संवादकौशल्य आणि नीतिमत्ता’ या विषयाला ते गप्पांचा तास म्हणतात.

चहानंतर एक अहवाल पुढे केला. बिबवेवाडीतल्या जुन्या सोसायटीची तपासणी त्यांनीच केलेली. “मॅडम, भाषा जरा सौम्य करा. ‘धोकादायक’ फार टोचतं. ‘दुरुस्तीयोग्य’ लिहा.”

“पण इमारत धोकादायक आहे ना?”

“अहो, त्यातलं तांत्रिक तुम्हाला काय कळणार? फक्त भाषा बघा.”

मी भाषाच बघत होते. गॅलऱ्यांच्या स्लॅबला तडे, आतलं लोखंड गंजलेलं, आणि त्यापुढे ‘दुरुस्तीयोग्य’? कोणाला नको असेल ‘धोकादायक’? विभागप्रमुखांना हे बदलायला कोणी सांगितलं असेल? विचारायचं धाडस झालं नाही. व्याकरण तेवढं सुधारलं, ‘धोकादायक’ तसाच ठेवून कागद परत दिले.

“राहू द्या, मीच करतो,” म्हणाले. म्हणजे बदलणारच.

घरी न येता सरळ बिबवेवाडी गाठली. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ, दारातूनच बोलत होते. मी म्हटलं, “अहवालाचा पहिला मसुदा मागून घ्या. त्यात गॅलऱ्या धोकादायक आहेत असं लिहिलंय.”

“आपण इंजिनिअर का?”

“नाही. इंजिनिअरांना भाषा शिकवते.”

ते आत वळून सुनेला म्हणाले, “पोरांना गॅलरीतून आत घे.”