नायिका परत येत नाही

बुधवार, १२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे. घर नीटनेटके राहते; पसारा करणारे आता कोणी नाही.

आपल्या धाकट्या बहिणीची अखेरची कादंबरी काल प्रसिद्ध झाली. शेवट तिने लिहिला तोच आहे: नायिका नवऱ्याचे घर सोडते आणि परत येत नाही.

आपली नाराजी मी जाणतो. "लोक म्हणतील, तो नवरा म्हणजे तुम्हीच. घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगता?" हे आपण मायेपोटीच म्हणालात. तिच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करणारे तिचे साहित्य-प्रतिनिधीही विनवीत होते, "काका, शेवटी नायिकेला घरी परत आणा. मी लेखकाचा माणूस, तुमच्या भल्याचंच सांगतो."

प्रकाशकांच्या कचेरीत ते माझ्या शेजारी बसले होते. एक शब्दही बदलणार नाही, असे मी सांगताच प्रकाशक प्रतिनिधींकडे बोट दाखवून हसले. "अहो, यांनाच समजवा. गोड शेवट खपतो, हे आमच्या या भागीदारांचंच मत!"

"भागीदार?"

प्रतिनिधी चाचरले. "तसं नव्हे काका, मी दोन्हीकडचं भलं बघतो."

"दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याने निदान खुर्ची एक निवडावी. कृपया टेबलाच्या पलीकडे बसा."

ताई, ते खरोखरच उठून पलीकडे बसले! तिच्या वतीने बोलण्याचा त्यांचा अधिकार मी तिथेच काढून घेतला आणि हस्तलिखित काखेत मारून बाहेर पडलो. दुसऱ्या प्रकाशिकेने ते स्वल्पविरामालाही धक्का न लावता छापले.

त्या नवऱ्याचे चित्रण मला अचूक वाटले. एकदा तिने बॅग भरली होती, हे आपणांसही ठाऊक आहे. आपण दोघे त्याविषयी कधी बोललो नाही. पुढे तिला तो अखेरचा आजार जडला आणि ती राहिली. माझ्यासाठी राहिली की आजारामुळे, हे मी तिला विचारले नाही. पुस्तकात मात्र तिला कोणी अडवलेले नाही.

काल दुकानात एक जोडपे शेवटचे पान उभ्यानेच वाचत होते.

"बिचारा नवरा!" तो म्हणाला.

"बिचारा कसला? मेला नुसता दगड! बरं झालं, गेली एकदाची."

मी टोपी काढून त्या बाईंना म्हणालो, "माझेही हेच मत आहे." आणि ताठ मानेने घरी आलो.

प्रत सोबत पाठवीत आहे. अवश्य वाचावी.

आपल्या बहिणीचा पती, आणि आता तिच्या बाजूचा,
आपला नम्र