शिरूरची निवड चाचणी

वस्ताद, मागच्या रविवारी मी भांडगावला जाऊन तुमची तालीम बघून आलो. ती बांधून झाली तेव्हा तुम्ही तीन वेळा निरोप धाडला होता आणि तिन्ही वेळा मी आलो नव्हतो. तुम्ही जाऊनही आता चौदा वर्षं झाली. या वेळी तुमच्या मुलीचा फोन आला. तालुक्यातल्या मुलींच्या कुस्त्या ठेवल्यात, पंच पाहिजे, दादा तुम्ही या, एवढंच म्हणाली. शिरूरहून मोटारसायकलवर निघालो तेव्हा वाटत होतं, न्हावऱ्यात चहा घ्यावा आणि परत फिरावं. चहा घेतला, पण फिरलो नाही. तालीम चांगली आहे. पत्रा उंच, गादी नवी, भिंतीला तुमचा रेल्वेच्या खाकी शर्टातला फोटो. हारामागून तुम्ही माझ्याकडं बघताय असं वाटलं, म्हणून मी त्या भिंतीकडं पाठ करून बसलो.

आप्पा मला राहूहून दौंडला तुमच्याकडं घेऊन आले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आमचे आजोबा मेंढरांमागं फिरलेले, आप्पांनी नदीकाठची जमीन धरली आणि घर एका जागी बसलं. घरात एक तरी पैलवान व्हावा ही त्यांची एकच हौस. तुम्ही लोकोशेडची ड्युटी संपवून आला होता, हाताला ग्रीसचा वास. बाजारात खोंड बघावं तसं तुम्ही माझी मान, पाठ, पोटऱ्या दाबून बघितल्या आणि आप्पांना म्हणालात, "ठिवून जावा. पर मधी मधी न्यायला यायचं न्हाई." रेल्वे कॉलनीच्या कडेला पत्र्याची शेड, आत लाल मातीचा हौदा, आणि खायला तुमच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर. चाचींनी माझ्यासाठी नवी ताट-वाटी वेगळी ठेवली होती, पोराच्या घरच्यांना चालंल न चालंल म्हणून. दुसऱ्या महिन्यात एकदा मला फार भूक लागली होती आणि तुमचं ताट समोर होतं. मी त्यातच हात घातला. माझं ताट चाचींनी धुऊन फळीवर पालथं घातलं आणि ते पुन्हा कधी खाली आलं नाही. सकाळी त्या पाट्यावर बदाम वाटायच्या तो आवाज मला आजही ऐकू येतो. त्या आवाजाला मी उठायचो.

यात्रेतल्या नारळाच्या कुस्त्यांपासून तुम्ही मला वर आणलं. पहिल्यांदा तालुक्याला जिंकलो तेव्हा पडलेल्या पोराकडं बघून मी मांडी ठोकून हसलो, आणि तुम्ही भर मैदानात माझ्या कानाखाली वाजवली. "त्याच्या पाठीची माती झटक आधी," एवढंच म्हणालात. मी झटकली. तिथून पुढं प्रत्येक कुस्तीत झटकली. मग मातीवरून गादीवर जायची वेळ आली, आणि गादीला बूट लागतात. तुम्ही सुट्टी टाकून सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलात आणि निळे बूट घेऊन आलात. ते एक नंबर मोठे होते. पुढं कापूस कोंबून मी त्याच बुटांवर चौऱ्याहत्तर किलोत दोनदा जिल्ह्याचा विजेता झालो आणि राज्याला कांस्यपदक आणलं. राज्याहून परतलो तेव्हा दौंड स्टेशनावर हलगी होती, आणि तुम्ही गर्दीत मागं उभे राहून डोळे पुसत होता. मी बघितलं होतं. तुम्हाला ते कधी सांगितलं नाही.

पुढचं वर्ष माझं होतं. मी चोवीस वर्षांचा, अंगात कुठं दुखणं नाही, आणि या साली सोनं येणार हे तुम्हीच चार लोकांत बोलून दाखवत होता. राज्याला जायची जिल्ह्याची निवड चाचणी शिरूरला होती. आप्पा राहूहून टेम्पो करून आले, बरोबर गावातली दहा-बारा माणसं. माझी कुस्ती बघायला ते पहिल्यांदाच एवढं लांब आले होते आणि त्यांनी लग्नातला फेटा बांधला होता. दुपारपर्यंत मी दोन कुस्त्या मारल्या. फायनल शिरूरच्याच पैलवानाशी होती. पोरगा चांगला होता, पण आदल्या साली मी त्याला चीत केला होता. त्याच्या पाठीमागं तिथला एक मोठा पुढारी होता, तो पुढच्या खुर्चीत बसलेला.

फायनलच्या आधी तुम्ही मला शाळेच्या भिंतीमागं नेलंत. तिथं एका बाभळीखाली तुमचा हात माझ्या खांद्यावर. मला वाटलं, डाव सांगताय. तुम्ही म्हणालात, "आज तुला पडायचं हाय."

मला आधी कळलंच नाही. तुम्ही सांगत राहिलात. रेल्वेनं जागा मोकळी करायची नोटीस दिली आहे, महिन्याभरात शेड पाडणार, पुढारी भांडगावात तालमीला जागा द्यायला तयार आहेत. त्यांची एवढी एकच गोष्ट ऐकायची आहे. पुढच्या साली तुलाच पाठवतो म्हणालात.

मी म्हणालो, "वस्ताद, आप्पा आल्यात बघाय."

"त्यांना मी सांगतो. तू त्येची काळजी करू नगं." मग तुम्ही हात काढून घेतला. "माझी चाळीस पोरं हायती. तू एकटा हायस."

अकरा वर्षं मी तुमच्या ताटात जेवलो होतो, आणि त्या बाभळीखाली मला कळलं की मी एकटा आहे.

फायनल झाली. दुसऱ्या फेरीत माझे दोन्ही खांदे गादीला लागले आणि पंचांची शिट्टी वाजली. शिरूरच्या लोकांनी त्यांचं पोरगं खांद्यावर घेतलं. आप्पा गर्दीतून वाट काढत तुमच्याकडं आले. मी बुटाची नाडी सोडत खाली बसलो होतो, तुमच्या दोघांपासून चार हातांवर. त्यांनी विचारलं, "वस्ताद, काय झालं ओ?" तुम्ही त्यांना सांगणार होता. मी वर बघत राहिलो. पुढाऱ्याची माणसं जवळ होती हे खरं, पण आप्पांना बाजूला घ्यायला काय लागत होतं? तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "पोराचा दम सरला, आप्पा. मी तरी काय करू?"

आप्पांनी मान हलवली. तुमचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा होता. मी त्यांच्याच टेम्पोत बसून राहूला आलो. घरी आल्यावर आप्पांनी फेटा सोडला, त्याची नीट घडी घातली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या पाण्याची पाळी हाय. तू जा रानात." त्यात रागाचं काही नव्हतं. त्यांनी माझी कुस्ती संपवली होती, एवढंच. नंतर सहा वर्षं जगले, पण त्या घरात कुस्तीचा विषय निघाला नाही. यात्रेचं मैदान भरलं की ते देवाला नारळ फोडून परत यायचे.

तुम्ही होता तोवर मी पुन्हा दौंडला आलो नाही. शिरूरकडच्या एका कारखान्यात लागलो, गेटवर सिक्युरिटीला, आता तिथंच सुपरवायझर आहे. यूपी-बिहारची पोरं माझे मोडलेले कान बघून विचारतात, "पहलवान थे क्या, अंकल?" मी म्हणतो, था. कुणी आणखी विचारलं तर तुमची गोष्ट सांगतो. वस्तादानं मला विकलं, असं सांगतो. बायकोला सांगितलं, मेव्हण्यांना सांगितलं, ड्युटीवरच्या लोकांना सांगितलं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, मग तो माझ्यासाठी चहा मागवतो. फक्त आप्पांना नाही सांगितलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं असतं, मग तू पडलास का रं? तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी दौंडला आलो होतो. स्टेशनावरच्या बाकावर बसलो. पुण्याची पॅसेंजर आली आणि गेली, माती द्यायला जाणारी माणसं टोप्या घालून पुलावरून उतरताना दिसली. मी उठलो आणि एसटीनं शिरूरला परत आलो. या माणसाला खांदा द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि ते मी पाळलं.

रविवारी कुस्त्या संपल्यावर तुमच्या मुलीनं मला ऑफिसात बसवलं. तिनं कोचिंगचा कोर्स केलाय, तीस मुली तिच्या हाताखाली आहेत, आवाज डिट्टो तुमचा. चहा समोर ठेवून ती उभीच राहिली. म्हणाली, "दादा, अब्बा शेवटच्या आजारपणात तुमचंच काढायचे. म्हणायचे, त्या पोराला मी पाडलं, आन् वर त्याच्या बापाशी खोटं बोललो. तो भेटला तर माझ्या वतीनं माफी माग, असं सांगून गेलेत." आणि तिनं हात जोडले. तुमची मुलगी, पन्नाशीला आलेल्या माझ्यापुढं, तिच्या स्वतःच्या तालमीत.

मी म्हणालो, "जाऊ दे बाई. झालं ते झालं." मोठ्या मनाचा माणूस बोलतो तसं बोललो. तिचे डोळे भरले. मी चहा संपवला आणि निघालो.

वस्ताद, मी त्या दिवशी पडायला उतरलोच नव्हतो. बाभळीपासून गादीपर्यंत येता येता माझं ठरलं होतं. तुमची तालीम राहो की जावो, चाळीस पोरं कुठं जायची तिथं जावोत, मी राज्याला जाणार. पहिल्या फेरीत मी चार गुणांनी पुढं होतो, तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला वाटलं असेल की पोरगं दिसायला बरं म्हणून लढतंय. मी जीव तोडून लढत होतो. दुसऱ्या फेरीत मी त्याचे पाय धरायला पटात शिरलो, त्यानं कंबर धरली आणि ढाक लावून मला उलटा टाकला. पाठ टेकू नये म्हणून मी मानेवर पूल केला. मान धरेना. छातीत श्वास उरला नव्हता. त्यानं मला खराखुरा चीत केला. आप्पांना तुम्ही खोटं म्हणून जे सांगितलंत, ते शब्दान् शब्द खरं होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.

म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. तुम्ही मला पडायला सांगितलंत, आणि मी तुमच्यासाठी पडलोय असं समजून मला माझ्या बापापुढं उघडं टाकलंत. ते मी विसरणार नाही. पण मरेपर्यंत जो बोजा तुम्ही उचललात त्यातला निम्मा तुमचा नव्हता, आणि एका वाक्यात तो उतरवता आला असता. तुम्ही जिवंत असताना मी ते वाक्य बोललो नाही. रविवारी तुमची मुलगी हात जोडून समोर उभी होती, तेव्हाही नाही. मला ती माफी हवी होती. फार वर्षं हवी होती.

हे तिला सांगायला पाहिजे, तुम्हाला लिहून काय होणार. परवा तिनं व्हॉट्सॲपवर कुस्त्यांचे फोटो पाठवले, खाली लिहिलं होतं, दादा पुन्हा या. मी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं.