पुढचा शाफ्ट

बाबा, काल मी मामांसोबत पिंपळगाव रेणुकाईला एक जुनी गाडी तपासायला गेले होते. तशीच स्टेशन वॅगन, लांब पाठीची, चारही चाकांनी ओढणारी, आपल्या अंगणात काही महिने उभी होती तशी. त्या गाडीनंतर मामांनी माझ्याशी नीट बोलणं सोडलं होतं. तुमच्या दहाव्याला आले, आईजवळ बसले, माझ्या हातचा चहा मात्र तसाच ठेवून उठले. परवा आईला त्यांचा फोन आला, "पोरीला इचार, गाडी बघायला येती का." आईने रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि मी नुसतं हो म्हणाले. मलाच का, हे विचारायचा धीर झाला नाही.

शाळेत जाण्याआधी मी तुमच्या गॅरेजमध्ये शिकले. कोणी जुनी गाडी घेणार असलं की तीर्थपुरीहून, अंबडहून येऊन तुम्हाला सोबत नेत, आणि तुम्ही मला. आधी बॉनेटवर तळहात ठेव, तुम्ही सांगायचात. गरम लागलं तर म्हणायचं, आम्ही चहा घेऊन येतो, गार झाल्यावर चालू करू. इंजिनाचं दुखणं गार असतानाच कळतं. चारही टायर सारखे झिजलेत का बघ. चाकं आतून जोडलेली असतात, एक वेगळं निघालं तर मधले गिअर खातं. रेडिएटरच्या झाकणाखाली बोट फिरव, तेलकट लागलं तर सरळ निघून ये. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पुरतं वळवून हळू गोल फिरव आणि पुढून टकटक येते का ऐक. मग गोणपाट टाकून खाली झोप. गंज बघ, नवा रंग दिसला तर जास्तच बघ. मधल्या गिअरच्या डब्यातून चाकं फिरवणारा एक लांब शाफ्ट मागे जातो, एक आखूड पुढे, दोन्ही हाताने हलवून बघायचे. मी गाडीखाली आहे, तुम्ही शेजारी आडवे होऊन बॅटरीचा उजेड धरलाय, आणि बाहेरून गिऱ्हाईक हसतंय, "मिस्त्री, आता पोरगी पास करती का गाड्या?" तुम्ही म्हणता, "माझ्यापेक्षा कडक हाय ती. बिलकुल सोडत न्हाई." त्या एका वाक्यावर मी आठवडा काढायची.

मग ती वॅगन आली. औरंगाबादला जाऊन तुम्ही एकट्यानेच घेतलीत. फोर व्हीलचा गिअर टाकला की पुढून जातं फिरवल्यासारखा घरघर आवाज यायचा. दुसऱ्यांच्या गाड्या पारखणारा माणूस स्वतः फसला, हे तुम्हाला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. जालन्यातल्या एकाही मिस्त्रीसमोर ती उभी करायची तुमची तयारी नव्हती. एके दिवशी आवाज बंद झाला. मला वाटलं तुम्ही दुरुस्त केलीत. मी शाळेत सांगत सुटले.

मामांना अशीच गाडी हवी होती. कुंभार पिंपळगावच्या शिवारात त्यांची वस्ती, वाटेत ओढा आणि पुढे काळी माती. तिथे मागची चाकं नुसती गरगरतात, पुढच्यांनी ओढावं लागतं. ते न्यायला आले त्या सकाळी मी नवा ड्रेस घातला होता. सवयीने गोणपाट उचललं, तर तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत. "आज नको. कपडे खराब होतील. तू कुंकू लाव." बॉनेटवर स्वस्तिक काढताना पत्रा गरम लागला. आताच धुऊन आणली असेल, असं मी मनाशी म्हटलं. मामा गाडीभोवती एक चक्कर मारून थांबले. बहिणीच्या दारातली गाडी, त्यात कुंकू लागलेली. तिच्याखाली वाकून बघणं म्हणजे दाजींवर शंका घेणं, आपल्याकडे कोणी तसं करत नाही. त्यांनी फक्त विचारलं, "दाजी, बराबर हाय ना?" तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "तुमच्या भाचीनं तपासली. तिनं पास केली, मंग मी काय बोलू?" मामा खुशीत हसले, "मंग झालं तर." मी तुमच्याकडे पाहिलं, तोवर तुम्ही नारळ फोडायला वळला होतात.

आषाढात ती गाडी ओढ्याच्या अलीकडेच चिखलात बसली. आत तापाने फणफणलेल्या मामी होत्या. त्यांना उतरवून बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. मामी वाचल्या. गाडी वर काढल्यावर मामांनी खाली वाकून पाहिलं, तर पुढचा शाफ्टच नव्हता. तुम्ही तो काढून ठेवला होता, म्हणून आवाज गेला होता. फोर व्हीलचा गिअर पडत होता, त्याचा दिवा लागत होता, ओढत मात्र मागचीच दोन चाकं होती. मामा आपल्या दारात आले आणि तुम्हाला सोडून मला म्हणाले, "भाचे, एवढा लोखंडाचा दांडा तुला दिसला न्हाई?" मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. एक वाक्य पुरलं असतं, बाबा. तुम्ही म्हणालात, "लेकरू हाय, पाव्हणं. चुकलं असंल."

त्यानंतर तुम्ही मला कुठलीच गाडी बघायला नेलं नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलातही.

काल मी गाडीखाली शिरले तेव्हा मामा गुडघ्यावर हात टेकून वाकलेले. "दिसला का पुढचा?" "दिसला, मामा." "हात लाव." "लावला." गाडीचा मालक वैतागून म्हणाला, "मामा-भाची गाडी घेऊन राह्यले का खोलून नेऊन राह्यले?" मामा म्हणाले, "थांबा हो. जल्दी न्हाई आम्हाला." सगळं झाल्यावर मालक चावी आणायला आत गेला आणि मामांनी विचारलं, "बराबर हाय?" गाडी चांगली होती, पण माझ्या तोंडून हो निघेना. मी म्हणाले, "मामा, तेव्हा मी खाली गेलेच नव्हते. बाबांनी जाऊ दिलं नाही."

मामा टायरकडे बघत राहिले. "मंग तवाच का न्हाई बोललीस?"

"ते समोर होते."

"आन् ते गेल्यावर?"

मी गोणपाट झटकून त्याची घडी घातली. मामांनी उपरण्याने तोंड पुसलं. "तुझ्या बापाचं ऱ्हाऊ दे. ही बराबर हाय का, तेवढं सांग." मी हो म्हणाले. मालक बाहेर आला तेव्हा मामा त्याला म्हणाले, "घेतो. भाचीनं तपासलीय."

वाटलं होतं, खरं बोलल्यावर राग उतरेल. उलट काल घरी येताना पहिल्यांदाच नीट कळलं, तुम्ही काय केलंत ते. तुम्ही फसलात हे मी कधीच कोणाला सांगितलं नसतं. त्यासाठी मला पुढे करायची गरज नव्हती. हे मी कोणाला वाचायला देणार नाही, आईला तर नाहीच. मामांपासूनही काल एक गोष्ट लपवली. गाडीखाली मी सगळं तुम्ही शिकवलं त्याच क्रमाने केलं, त्यातलं एकही चूक निघालं नाही, आणि तिथे खाली, गोणपाटावर, मला बरं वाटत होतं.