गुडघेदुखीच्या मलमातील माझी भूमिका

४ मे, सायंकाळी सात
आजपासून दूरचित्रवाणीवरील जाहिराती पाहणे पूर्ण बंद. चव्वेचाळीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाने वेळ असा दवडू नये. आमची ही मात्र, मालिका लागली की उठून जाते आणि जाहिरात लागली की हातातले काम टाकून येते. म्हणते, मालिकेत सहा महिने दार उघडत नाही. जाहिरातीत अर्ध्या मिनिटात मुलगी रुसते, बाप तिची समजूत काढतो आणि वर पंखाही विकून होतो. युक्तिवाद पोकळ आहे.

४ मे, सव्वासात
पंख्याची जाहिरात पाहिली. केवळ युक्तिवाद तपासण्यासाठी. बापाचे काम उत्तम. डोळ्यांत काहीतरी गेले.

९ मे
जाहिराती तयार करणे हा आमच्या जावयाचा व्यवसाय. त्याचा फोन. गुडघेदुखीच्या मलमासाठी आजोबा हवे आहेत. तीन जिने चढून नातीकडे जातात, अशी गोष्ट. म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखा कडक चेहरा कुठे मिळत नाही हो." स्पष्ट नकार दिला. पाच मिनिटांनी, त्याला अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून, फोन करून नकार मागे घेतला.

१० मे
संहिता आली. मला एकच वाक्य: "आलो गं!" एवढ्याने आजोबांचे चरित्र उभे राहत नाही. सुधारून असे केले: "बाळ, विलंब झाला खरा, परंतु हा पाहा, तुझा आजोबा अखेर येऊन पोचला आहे." हिला म्हणून दाखवले. म्हणाली, तोवर पोरगी कॉलेजात जाईल.

१७ मे
शूटिंग. माझ्या वाक्याला नऊ सेकंद लागतात, असे ते म्हणतात. त्यांचे घड्याळ तपासायला हवे. एकोणीस टेक. विसाव्या वेळी जिना चढून धाप लागली, तोंडातून कसेबसे "आलो गं" निघाले आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. एकेकाची अभिरुची.
पुढे विजार गुडघ्याच्या वर घ्या म्हणाले. सासऱ्याने जावयासमोर गुडघे उघडे टाकावेत? साफ नाकारले. जावई म्हणाला, "राहू द्या बाबा, बघतो मी काहीतरी." तत्त्व टिकले.

२ जून
जाहिरात उद्या, सातच्या बातम्यांमध्ये. इमारतीतील सर्व घरांना स्वहस्ताक्षरात निमंत्रणे दिली. ही म्हणाली, "पहिल्यांदा आपण दोघंच बघू या ना." समजावले की, तो रसिकांवर अन्याय ठरेल. उठून खुर्च्या मोजू लागली, पटले असावे.

३ जून
बावीस माणसे, नऊ खुर्च्या. प्रेक्षकांची पूर्वतयारी आवश्यक होती. म्हणून संचासमोर उभे राहून जाहिरातकलेवर मोजके प्रास्ताविक केले. मध्येच सगळे पुढे झुकले. मुद्दा भिडतो आहे, असे वाटले. वरच्या मजल्यावरचा विमा एजंट ओरडला, "काका, सरका! अहो, सरका की!" शंका शेवटी विचाराव्यात, असे त्याला सांगितले. मागे वळलो तेव्हा पडद्यावर मलमाची डबी होती. नंतर हवामान.
सगळे गेल्यावर हिला विचारले, काही दिसले का? म्हणाली, "तुमच्या कोपराखालून नात दिसली. गोड होती."

४ ते ११ जून
रोज सात ते दहा संचासमोर. लागत नाही.

१२ जून
जावयाला फोन केला. तीस सेकंदांची पूर्ण जाहिरात पहिल्याच दिवशी दाखवतात म्हणे. पुढे पंधरा सेकंदांची, ती उद्यापासून. तीत आजोबा बसत नाहीत. नात, गुडघा आणि डबी. गुडघा कोणाचा? एका व्यायामशिक्षकाचा. पूर्ण जाहिरातीची प्रत पाठवतो म्हणाला. स्वतःच्याच चेहऱ्याची प्रत मागणे मला शोभत नाही. आतापर्यंत तीनदाच आठवण केली आहे.

१५ जून
जिन्यात विमा एजंट भेटला. म्हणाला, "काका, काल पुन्हा लागली हो! चेहरा नाही दाखवत, पण गुडघा काय आहे! या वयात!"
असत्य क्षणभरही खपवून घेणे माझ्या स्वभावात नाही.
मी म्हणालो, रोज चालतो.