काट्यावरचे चार किलो

पप्पा, तुम्हाला आणि मम्मीला काँगोतून पाया पडतो. जय जिनेंद्र.

मी मजेत आहे. दिवस मावळायच्या आत जेवतो, केळी आणि मूग भरपूर मिळतात. जरा बारीक झालोय, ते मम्मीला सांगू नका.

शुक्रवारी मम्मीचं ऑपरेशन आहे, हा खुशबूताईचा निरोप पायलटनं आणून दिला. मी कधी येणार, असं मम्मी अजून विचारते का?

आमच्या कंपनीची विमानं तीन. एकाचं इंजिन काढून ठेवलंय, दुसरं खाणवाल्यांनी भाड्यानं नेलंय. उरलेलं छोटं विमानच या जंगलातून माल आणि माणसं नेतं, रस्ता नाहीच. प्रत्येकाला काट्यावर उभं करून वजन लिहायचं काम माझं. आम्ही कामगार सगळ्यात शेवटी, वजन उरलं तर.

आज घरी निघायला मी बॅगसुद्धा बाजूला टाकून काट्यावर उभा राहिलो. विमानाला झेपतं त्याच्यापेक्षा चार किलो जास्त भरले. आत एक बाळंतीण बसलेली, कुणाला उतर म्हणू?

यादी माझ्याच हातात होती पप्पा. चार किलो कमी लिहिले असते तर कुणाला कळलं असतं? पण धावपट्टी संपते तिथं लई उंच झाडं आहेत. आणि आपल्या जुन्नरच्या दुकानात मी एकदा काट्याला बोट लावलं, तेव्हाच काय ते तुम्ही मला मारलं होतं.

मी खरं तेच लिहिलं.

पुढचं विमान शनिवारी.

पायलट हात पुढं करून उभा आहे. गावात पोचला की या पत्राचा फोटो खुशबूताईला पाठवील. पत्राचं वजन धरत नाहीत म्हणाला.

तुमचा पारस